तांब्यात पस्तीस न्यूट्रॉन का सापडत नाहीत? अणुअंक, अणुवस्तुमानांक आणि समस्थानिके

आवर्तसारणीत तांब्याच्या चौकटीत दोन आकडे छापलेले असतात: २९ आणि ६३.५४६. न्यूट्रॉन काढा म्हटलं की बरीच मुलं दुसऱ्यातून पहिला वजा करतात. उत्तर ३४.५४६ येतं, अर्धा न्यूट्रॉन कसा असेल म्हणून ते ३५ करतात आणि पुढच्या गणिताला लागतात. हे उत्तर साफ चूक आहे. निसर्गात मिळणाऱ्या तांब्यात काही अणूंमध्ये ३४ न्यूट्रॉन असतात, काहींमध्ये ३६. पस्तीसवाला अणू त्यात नसतोच.

घोळ वजाबाकीचा नाही. या पाठात तीन संख्या येतात: अणुअंक (प्रोटॉन किती), अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती) आणि अणुवस्तुमान. पहिल्या दोन कण मोजून आलेल्या, म्हणून पूर्णांकात. तिसरी वस्तुमान मापून आणि सरासरी काढून आलेली, म्हणून दशांशात. चौकटीत छापतात पहिली आणि तिसरी. न्यूट्रॉन काढायला लागते मधली, आणि ती चौकटीत सहसा नसते. ती एक तर गणितात दिलेली असते, नाहीतर 'तांबे-६५' अशी नावापुढे जोडलेली असते. संज्ञेसोबत लिहायची असेल तर डाव्या बाजूला वर अणुवस्तुमानांक आणि खाली अणुअंक. उजवीकडे वर प्रभार येतो, उजवीकडे खाली रेणूतल्या अणूंची संख्या. हे चार कोपरे एकमेकांत मिसळले की समीकरण वाचताच येत नाही.

अणुअंक: मूलद्रव्य ठरतं ते यावरच

केंद्रकात प्रोटॉन किती, तो अणुअंक. २९ प्रोटॉन असले की तो अणू तांब्याचाच. न्यूट्रॉन कितीही असोत, इलेक्ट्रॉन निघून गेलेले असोत, फरक पडत नाही. एक प्रोटॉन वाढला की जस्त, एक कमी झाला की निकेल.

'अणुअंक म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या' अशी व्याख्या सर्रास लिहिली जाते. प्रभार नसलेल्या अणूपुरती ती जुळते, पण आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला किंवा मिळवलेला प्रभारित अणू, आला की फसते. तांब्याच्या दोन धन प्रभारांच्या आयनात, म्हणजे क्युप्रिक आयनात, इलेक्ट्रॉन २७ असतात. व्याख्या तीच धरली तर तो कोबाल्ट ठरेल. म्हणून व्याख्येत प्रोटॉनच लिहायचा.

मेंडेलीव्हने मूलद्रव्यं लावली ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने, आणि तीन-चार ठिकाणी हा क्रम अडला. टेल्युरियमचं अणुवस्तुमान १२७.६०, आयोडीनचं १२६.९०. वस्तुमान बघितलं तर आयोडीन आधी यायला हवं, पण गुणधर्म बघितले तर ते क्लोरीन-ब्रोमीनच्याच रांगेत बसतं. आर्गॉन-पोटॅशियम आणि कोबाल्ट-निकेल या जोड्यांचीही हीच अडचण. १९१३-१४ मध्ये हेन्री मोसली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने निरनिराळ्या मूलद्रव्यांमधून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या वारंवारता मोजल्या. वारंवारतेचं वर्गमूळ घेऊन आलेख काढला तर बिंदू सरळ रेषेत बसत होते, मात्र आडव्या अक्षावर वस्तुमान नव्हे तर अनुक्रमांक घ्यावा लागत होता. हा अनुक्रमांक म्हणजेच केंद्रकाचा धनप्रभार. त्याच्या यादीत ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या राहिल्या. ऱ्हेनियम (७५) १९२५ मध्ये, टेक्नेशियम (४३) १९३७ मध्ये आणि प्रोमेथियम (६१) १९४५ मध्ये मिळालं. मोसली ते पाहायला नव्हता, १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला.

वस्तुमानाचा क्रम का अडला होता, याचं उत्तर समस्थानिकांत आहे. निसर्गातल्या आर्गॉनमध्ये जवळजवळ सगळे अणू आर्गॉन-४० चे, तर पोटॅशियममध्ये ९३ टक्के पोटॅशियम-३९ चे. प्रोटॉन एकाने कमी असूनही आर्गॉनची सरासरी वर जाते ती त्यामुळे.

कण मोजताना कोणत्या क्रमाने जायचं

अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन त्यात धरत नाहीत, कारण त्याचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या भागाइतकं असतं.

गणित करताना आधी मूलद्रव्यावरून अणुअंक लिहा. प्रोटॉन तिथेच मिळाले. मग अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा करा, ते न्यूट्रॉन. प्रभाराकडे वळायचं ते सगळ्यात शेवटी, आणि त्याचा परिणाम फक्त इलेक्ट्रॉनांवर होऊ द्यायचा. धन प्रभार असेल तर तितके इलेक्ट्रॉन वजा, ऋण असेल तर तितके अधिक. धन म्हटलं की हात बेरजेकडे जातो आणि चूक नेमकी इथे होते. धन आयन बनतो तो इलेक्ट्रॉन गमावून.

सोडियम-२३ चा आयन घ्या, एक धन प्रभार. प्रोटॉन ११, न्यूट्रॉन २३ − ११ = १२, इलेक्ट्रॉन ११ − १ = १०. क्लोरीन-३७ चा क्लोराइड आयन: प्रोटॉन १७, न्यूट्रॉन २०, इलेक्ट्रॉन १८. उत्तरावर एक नजर टाकायची खूण सांगतो. स्थिर केंद्रकांत न्यूट्रॉन प्रोटॉनइतके किंवा त्यांहून जास्त असतात, अपवाद फक्त साधा हायड्रोजन आणि हेलियम-३ यांचा. कॅल्शियम-४० पर्यंत दोन्ही बरोबरीने चालू शकतात (२० आणि २०), पुढे न्यूट्रॉन वाढत जातात. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन. एरवी न्यूट्रॉन कमी आले तर बहुतेक वेळा वजाबाकी उलटी झालेली असते.

आता जरा वाकडं गणित. एका आयनावर दोन धन प्रभार आहेत, अणुवस्तुमानांक ६५ आहे आणि न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांपेक्षा एक तृतीयांशाने जास्त आहेत. आयन कोणता?

अज्ञात संख्या इलेक्ट्रॉनांची धरा, कारण तुलना त्यांच्याशी केलेली आहे. इलेक्ट्रॉन 'क्ष' असतील तर न्यूट्रॉन ४क्ष/३. दोन इलेक्ट्रॉन गेलेले आहेत, म्हणून प्रोटॉन क्ष + २. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ६५:

क्ष + २ + ४क्ष/३ = ६५
७क्ष/३ = ६३
क्ष = २७

इलेक्ट्रॉन २७, न्यूट्रॉन ३६, प्रोटॉन २९. तांबे-६५ चा क्युप्रिक आयन. प्रभाराचं चिन्ह चुकून प्रोटॉन क्ष − २ धरले असते, तर क्ष = २८.७ आलं असतं. प्रभार विसरून प्रोटॉन नुसते 'क्ष' धरले असते तर २७.८६. अपूर्णांक आला की ताळा बसवायला तो जवळच्या पूर्णांकात ढकलू नका, मांडणी परत तपासा. कणांच्या मोजणीत अपूर्णांक म्हणजे हमखास चूक.

समस्थानिके आणि सरासरी

एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले अणू म्हणजे समस्थानिके. अणुअंक सारखा म्हणून आवर्तसारणीत जागा एकच. ही कल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडली. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला, म्हणजे जवळपास वीस वर्षं समस्थानिके माहीत होती पण त्यांच्यात फरक कशाचा हे नीट सांगता येत नव्हतं.

किती समस्थानिके असतील याला नियम नाही. फ्लुओरीन, सोडियम, ॲल्युमिनियम, फॉस्फरस, आयोडीन, सोनं यांचं निसर्गात एकेकच स्थिर समस्थानिक आहे. कथिलाची दहा आहेत.

तांब्याची दोन. देवघरातल्या ताम्हणात असोत की मोटारीच्या वाइंडिंगमध्ये, शंभरातले सुमारे ६९ अणू तांबे-६३ चे असतात आणि ३१ तांबे-६५ चे. नेमके आकडे असे: तांबे-६३ चं वस्तुमान ६२.९२९६ डाल्टन (अणूचं वस्तुमान मोजायचं एकक), प्रमाण ६९.१५ टक्के, तांबे-६५ चं ६४.९२७८ डाल्टन, प्रमाण ३०.८५ टक्के. सरासरी काढायची तर टक्केवारीला १०० ने भागून गुणायचं आणि बेरीज करायची:

६२.९२९६ × ०.६९१५ = ४३.५१६
६४.९२७८ × ०.३०८५ = २०.०३०
बेरीज = ६३.५४६

चौकटीतला आकडा मिळाला. ६३ आणि ६५ ची बेरीज करून दोनाने भागणं चूक, कारण दोघांचा वाटा सारखा नाही. साठ रुपयांचा कोलम तीन किलो आणि शंभर रुपयांचा आंबेमोहोर एक किलो मिसळला तर मिश्रण ऐंशी रुपये किलो पडत नाही, सत्तर पडतं; तसंच हे. गणित सोडवण्यापूर्वी उत्तराचा अंदाज बांधा. ते दोन्ही वस्तुमानांच्या मध्येच पडलं पाहिजे, आणि ज्याचं प्रमाण जास्त त्याच्याकडे झुकलेलं हवं. टक्केवारीची बेरीज १०० होते ना तेही बघा. गुणोत्तर दिलं असेल, समजा ३ : १, तर भागायचं ते चाराने.

अचूक वस्तुमानांऐवजी ६३ आणि ६५ घेतले तर उत्तर ६३.६१७ येतं. शाळेच्या पातळीवर अचूक वस्तुमानं दिलेली नसतात तेव्हा हे चालतं. दिलेली असतील तर तीच वापरायची, नाहीतर दशांशातला पहिलाच अंक चुकतो.

उलट दिशेचं गणित परीक्षांना जास्त आवडतं: सरासरी दिली आहे, प्रमाण काढा. तांबे-६३ चा वाटा 'क्ष' धरला तर तांबे-६५ चा १ − क्ष. दुसरा अज्ञात घ्यायची गरजच नाही. समीकरण सोडवलं की

क्ष = (६४.९२७८ − ६३.५४६) ÷ (६४.९२७८ − ६२.९२९६) = १.३८१८ ÷ १.९९८२ = ०.६९१५

वरचा भाग म्हणजे सरासरी जड समस्थानिकापासून किती दूर आहे ते अंतर, खालचा म्हणजे दोघांमधलं अंतर. हलक्याचा वाटा काढताना वर जडापासूनचं अंतर येतं हे लक्षात न राहिल्याने उत्तरं उलटी लिहिली जातात. सरासरी ६३ कडे झुकली आहे, तेव्हा ६३ चाच वाटा मोठा असणार, एवढा ताळा पुरे.

मग ६३.५४६ ला पूर्णांकात आणून मिळणारा तांबे-६४ आहे तरी कुठे? प्रयोगशाळेत तयार करता येतो. तो किरणोत्सारी असतो, अर्धायुकाल (निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ) साधारण १२.७ तास, आणि पेट स्कॅनसाठी औषधांत वापरतात. खाणीतल्या तांब्यात तो मिळणार नाही. ब्रोमीनचंही असंच. सरासरी ७९.९०४, म्हणून पाठ केलं जातं ८०, पण प्रत्यक्षात ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१ जवळपास निम्मेनिम्मे असतात, ८० नसतोच. कार्बन, ऑक्सिजन, सोडियम यांच्या बाबतीत सरासरी पूर्णांकात आणून अणुवस्तुमानांक बरोबर येतो, कारण तिथे एकच समस्थानिक बहुसंख्य असतं. त्या चार-दोन उदाहरणांनी ही सवय लागते आणि तांबं, ब्रोमीन, चांदी आली की अंगाशी येते.

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू-रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, हे मिश्रण उघड दिसतं. क्लोरीनमध्ये क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ ढोबळ मानाने ३ : १ असतात. क्लोरीनच्या रेणूत अणू दोन, त्यामुळे रेणूची शिखरं ७०, ७२ आणि ७४ वर येतात. उंची ठरते ती संभाव्यतेवरून: दोन्ही हलके ३/४ × ३/४ = ९/१६, एक हलका एक जड २ × ३/४ × १/४ = ६/१६, दोन्ही जड १/१६. म्हणून ९ : ६ : १. मधल्या शिखरात दोनाने गुणायचं राहिलं तर ९ : ३ : १ येतं, आणि बेरीज १६ होत नाही यावरून चूक पकडता येते. ७१ वर रेणूचं शिखर नसतं, ३५.५ वस्तुमानाचा क्लोरीन अणू अस्तित्वातच नाही.

वस्तुमान पूर्णांकात का येत नाही

एका समस्थानिकाचं अचूक वस्तुमानही दशांशात असतं, यात मात्र सरासरीचा हात नाही. प्रोटॉन १.००७२८ डाल्टनचा, न्यूट्रॉन १.००८६६ चा, इलेक्ट्रॉन ०.०००५५ चा. हेलियम-४ साठी प्रत्येकी दोन घेऊन बेरीज केली तर ४.०३३० येते, पण मापून मिळतं ४.००२६. उरलेलं ०.०३०४ डाल्टन वस्तुमान केंद्रक बांधलं जाताना ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडलेलं असतं. सगळ्या मापनाचं प्रमाण कार्बन-१२ आहे. १९६१ पासून त्याच्या एका अणूचं वस्तुमान नेमकं १२ धरलं जातं. त्यामुळे अचूक वस्तुमान आणि अणुवस्तुमानांक तंतोतंत सारखे येतात ते फक्त कार्बन-१२ साठी.

आवर्तसारणीत शिशाचं अणुवस्तुमान २०७.२ एवढंच, एका दशांशापर्यंत छापतात. आळस नाही तो. शिशाची काही समस्थानिके युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून (किरणोत्सारी केंद्रक कण फेकून बदलतं, तो ऱ्हास) बनतात, त्यामुळे कोणत्या खनिजातलं शिसं त्यावर सरासरी बदलते. थिओडोर रिचर्ड्स यांनी १९१४ मध्ये हे मापून दाखवलं होतं. पोलोनियम, रेडॉन अशा मूलद्रव्यांपुढे चौकटी कंसात २०९, २२२ असे आकडे दिसतात. ते सरासरी नव्हेत, सर्वांत जास्त काळ टिकणाऱ्या समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक आहे. आवर्तसारणीच्या चौकटीतून थेट न्यूट्रॉन काढता येतात ते एवढ्याच ठिकाणी.

समस्थानिकांचं रसायन सारखंच का, आणि कुठे नाही

रासायनिक अभिक्रिया इलेक्ट्रॉनांच्या जोरावर होतात, आणि समस्थानिकांत इलेक्ट्रॉनांची मांडणी तीच असते. तांबे-६३ आणि तांबे-६५ दोन्ही नायट्रिक आम्लात सारखेच विरघळतात. हायड्रोजनचं तसं नाही, कारण तिथे एका न्यूट्रॉनने वस्तुमान दुप्पट होतं. ड्युटेरियमचं (हायड्रोजन-२ चं) पाणी, म्हणजे जड पाणी, ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं, १०१.४ ला उकळतं आणि घनतेने साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त असतं. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. निसर्गात ड्युटेरियम साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक, म्हणून ते वेगळं काढायला मोठे कारखाने लागतात. रायगड जिल्ह्यात थळला असा एक आहे.

या जड पाण्याची गरज कुणाला, हे तारापूरच्या अणुवीज केंद्रात एकाच आवारात बघायला मिळतं. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३८ चा वाटा ९९.२७ टक्के आणि सहज विखंडन होणाऱ्या युरेनियम-२३५ चा फक्त ०.७२. रसायन दोघांचं एकच, त्यामुळे आम्ल-अल्कलीने त्यांना वेगळं करता येत नाही. ३ न्यूट्रॉनांच्या फरकावरच विसंबावं लागतं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या आहेत. साधं पाणी न्यूट्रॉन बऱ्यापैकी शोषून घेतं, म्हणून त्यांना २३५ चं प्रमाण वाढवलेलं समृद्ध युरेनियम लागतं. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत जड पाणी आहे, तिथे नैसर्गिक युरेनियमवर भागतं.

ऱ्हासाची समीकरणं

इथे अणुवस्तुमानांक (वरचा) आणि अणुअंक (खालचा) या दोन्ही अंकांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा. वरच्या अंकांची बेरीज बाणाच्या दोन्ही बाजूंना सारखी, खालच्यांचीही सारखी. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक, वर ४ आणि खाली २. तो गेला की युरेनियम-२३८ (९२) चं थोरियम-२३४ (९०) होतं. बीटा ऱ्हासात केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्या इलेक्ट्रॉनचा वरचा अंक ०, खालचा −१. म्हणून कार्बन-१४ (६) चं नायट्रोजन-१४ (७) होतं: अणुअंक एकाने वाढतो, अणुवस्तुमानांक जागचा हलत नाही. ही झाली समभारिकांची, म्हणजे अणुवस्तुमानांक सारखा पण अणुअंक वेगळा असलेल्या अणूंची, जोडी. 'कण बाहेर गेला म्हणजे अणुअंक कमी झाला पाहिजे' असं वाटून इथे ५ लिहिलं जातं. ऋण एक बाहेर गेलं की आतला धन प्रभार वाढतो, हे ६ = ७ + (−१) असं मांडलं की दिसतं. गॅमा किरणांनी दोन्ही अंक तसेच राहतात.

सरावासाठी चांदी घ्या. अणुअंक ४७, सरासरी अणुवस्तुमान १०७.८६८२. समस्थानिके दोनच, वस्तुमानं १०६.९०५१ आणि १०८.९०४८ डाल्टन. दोघांचं प्रमाण काढा आणि चांदीच्या एकधन आयनातले कण मोजा. उत्तर: चांदी-१०७ चं प्रमाण १.०३६६ ÷ १.९९९७, म्हणजे ५१.८४ टक्के, आणि चांदी-१०९ चं ४८.१६ टक्के. न्यूट्रॉन अनुक्रमे ६० आणि ६२, इलेक्ट्रॉन दोन्हींत ४६. उत्तरात न्यूट्रॉन ६१ आले असतील तर सरासरी पूर्णांकात आणून वजाबाकी केलेली आहे.